एका घरात चूल, दुसऱ्यात न्हाणी

घर विकायचं ठरलं की आमच्या मीरा-भाईंदरमधली माणसं आधी एजंटला बोलावतात. एजंट घरभर फिरतो, बाथरूमबाहेरच्या भिंतीवरची ओल बघून तोंडाने 'च्च' करतो आणि जाताना माझा नंबर देऊन जातो. मग मी जाते. मीही तीच ओल बघते, पण 'च्च' करत नाही. आमच्या कामात तेवढी सभ्यता पाळावी लागते.

लोक मला 'इंटिरियरवाल्या मॅडम' म्हणतात. मी तशी नाही. इंटिरियर करणारा माणूस राहणाऱ्यासाठी घर करतो. रंग कोणता आवडतो, आईचे गुडघे दुखतात का, हे सगळं त्याला विचारता येतं. मी घर करते ते अजून समोर न आलेल्या माणसासाठी. तो कुठला, काय खाणारा, कुठल्या देवाला हात जोडणारा, काहीच ठाऊक नसतं. ज्याला घर आवडायला हवं तो हजर नसतो आणि जो हजर असतो त्याच्या आवडीचा उपयोग नसतो. अशा दोघांच्या मध्ये उभं राहून मी टाइल निवडते.

या कामाचं गणित बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं. मालकाने हौसेने केलेली वस्तू सहसा किंमत वाढवत नाही. जांभळ्या दिव्यांचं सीलिंग, सोनेरी वेलबुट्टीचा वॉलपेपर, टीव्हीमागचा खोटा दगड, हे बघून गिऱ्हाईक मनातल्या मनात तोडफोडीचा खर्च धरतं. किंमत वाढते ती कंटाळवाण्या गोष्टींनी. कोरडं बाथरूम, ओट्याजवळ पुरेसे प्लग, न कुरकुरणारं दार, सहज उघडणारी खिडकी. आणि वास. गिऱ्हाईक आधी नाकाने घर बघतं, मग डोळ्यांनी. म्हणून मी पहिल्या दिवशी न्हाणीघराची जाळी बदलते आणि शेवटच्या दिवशी भिंतींना पांढरा रंग देते.

एका टॉवरमध्ये जहाजावरून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी दिवाणखान्यात होडीच्या आकाराचा बार बांधला होता. "मॅडम, अस्सल सागवान आहे, याची किंमत वेगळी धरा," असा त्यांचा हट्ट. मी म्हटलं, "साहेब, घेणारा पिणारा निघाला तर धरू." घर घेतलं एका कट्टर शाकाहारी कुटुंबाने. होडी मात्र त्यांनी ठेवली. मागच्या वर्षी मी गेले तेव्हा तिच्यात देव बसले होते आणि वल्ह्यावर घंटा टांगली होती. गृहस्थांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी आधी घंटा केवढी ते विचारलं. मग म्हणाले, "म्हणजे तरली म्हणायची."

एक गोष्ट मी करत नाही. ओलीवर रंग मारून देत नाही. "विकेपर्यंत दिसलं नाही म्हणजे झालं," असं सांगणारे भेटतात, त्यांना मी नमस्कार करून उठते. बोलून दाखवत नाही, पण त्याचा अभिमान आहे.

मी माणगावची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही इतिहासात. मावशीकडे मीरा रोडला आले आणि टाइलच्या दुकानात लागले. तिथल्या शेठनी मला टाइल बोटाने वाजवून ऐकायला शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पदवीने नोकरी दिली नाही, पण अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात खुर्चीवर नीट टेकून बसायचं धैर्य दिलं. आमच्या घरातलं आधीचं कुणी असं बसलं नव्हतं. माझा नवरा म्हणतो, "इतिहास शिकलीस आणि इतिहास पुसायचं काम मिळालं." त्याला हसायला येतं. मला हल्ली येत नाही.

कारण या कामाने मला एक खोड लागली आहे. मी कुठल्याच घरात स्वस्थ बसू शकत नाही. हळदीकुंकवाला गेले तरी वाण घेताना नजर खिडकीच्या कडेवर जाते. माणगावला गेले की आई ताट वाढते आणि मी जेवताजेवता तिचं फडताळ काढून टाकते, मोरी बुजवते, मधलं दार रुंद करते. आई विचारते, "काय बघतेस?" मी म्हणते, "काही नाही." विकायचं नसलेलं घर कसं बघतात, तेच मला आठवेनासं झालं आहे.

या खोडीला एकदाच खीळ बसली. त्या घराविषयी लिहायचं म्हणून हा खटाटोप.

भाईंदर पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कातळकरांचे दोन फ्लॅट होते, एकाला लागून एक. दोघे भाऊ गुहागरकडचे. दोघांनी शेजारी शेजारी वन-रूम-किचन घेतले आणि मधली भिंत पाडून एकच घर केलं. याला आमच्याकडे जोडी फ्लॅट म्हणतात. बाहेर दारं दोन, पण बेल एकालाच. दुसरं दार कायमचं बंद, त्याच्यापुढे चपलांचं कपाट.

थोरले भाऊ वारले होते. त्यांच्या पत्नी इंदुमती, त्यांना सगळे मोठी वहिनी म्हणत. धाकटे प्रकाश खासगी कंपनीत आणि त्यांची बायको सुनीता बँकेत. मला बोलावलं होतं सुनीताताईंनी. त्यांनी मीरा रोडच्या एका नव्या टॉवरमध्ये घर घेतलं होतं. जुनं विकलं गेलं की नव्याची किल्ली. आणि बिल्डर दिवाळीच्या पुढे थांबणार नव्हता.

"नुसता आमचा अर्धा भाग विकायचाय," सुनीताताई म्हणाल्या. "वहिनी इथेच राहतायत. चला म्हटलं, तर येत नाहीत."

मोठ्या वहिनी ओट्याशी नारळ खवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिथे मला खोली हाय. इथे घर हाय."

"बघा ना. स्वतंत्र खोली ठेवलीय हो त्यांच्यासाठी. खाडी दिसते."

"खाडी काय बघायची? आमच्या गावाला समुद्र हाय."

दोघींच्या बोलण्यात भांडण नव्हतं. बरीच वर्षं एकाच विषयावर बोलून त्याची धार गेलेली होती. सुनीताताईंचा मुलगा वहिनींनीच वाढवला होता. आता तो बंगळूरला होता.

मी घर बघायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की हे अर्धं घर विकताच येणार नाही. भिंत पाडल्यावर त्यांनी स्वयंपाकघर वहिनींच्या बाजूचं ठेवलं आणि न्हाणीघर सुनीताताईंच्या बाजूचं. सुनीताताईंच्या किचनचा ओटा काढून तिथे देवघर आणि मुलाचं अभ्यासाचं टेबल झालं. वहिनींचं न्हाणीघर खाली गळत होतं म्हणून बंद करून त्याची कोठी केली. आत तांदळाचे डबे, गावचे नारळ, आमसुलांच्या बरण्या. म्हणजे सगळे एका घरात जेवत आणि दुसऱ्यात आंघोळ करत. मधे भिंत घातली की एक घर बिनचुलीचं आणि दुसरं बिनन्हाणीचं.

मी तसं सांगितलं. प्रकाशभाऊ हसले. "म्हणजे मॅडम, आम्ही इतकी वर्षं अर्ध्याच घरात राहिलो म्हणायचं."

"कागदावर ही दोन पूर्ण घरं आहेत. कर्ज देणारी बँक माणूस पाठवते, तो नकाशा हातात घेऊन बघतो. नकाशात भिंत आहे, तर भिंत लागेल. ओटा आहे, तर ओटा लागेल."

सुनीताताई बँकेतल्याच. त्यांना पटलं. वहिनींनी खवणी पुसून ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"माझी न्हाणी करून देशील ना गो?"

"आधी तुमचीच करू, काकू."

हे मी मनापासून म्हटलं होतं. पण घरं दुरुस्त करताना काम तुमच्या मनाच्या क्रमाने होत नाही, पाइपच्या क्रमाने होतं. न्हाणीघराचा निचरा स्वतःच्या फरशीखालून, म्हणजे खालच्या माणसाच्या छतातून जातो. वहिनींचा पाइप जुना, फुटलेला. तो बदलायचा तर दुसऱ्या मजल्यावर दोशीभाईंच्या बाथरूममध्ये शिडी लावायला हवी. दोशीभाईंनी दारातच मला थांबवलं.

"मॅडम, किती वर्षं माझ्या डोक्यावर पानी टपकलं, मालूम है? छत्री घेऊन नहाता था मैं! आता नवीन सीलिंग केलाय. हात नहीं लगाने दूँगा."

"दोशीभाई, वॉटरप्रूफिंग नवीन करणार. पाणी भरून ठेवून चाचणी घेऊ, तुम्ही स्वतः बघा."

"चाचणी मेरे सिर पे? नको."

त्यांचं चूक नव्हतं. ज्याच्यावर गळलंय त्यालाच परत छत उघडायला सांगणं कठीणच. मी दोनदा गेले, प्रकाशभाऊ पेढे घेऊन गेले. पेढे घेतले, शिडी नाही.

इकडे गणपती जवळ आला. कातळकर मंडळी गावी जाणार. त्यानंतर पितृपक्ष, त्यात आमच्याकडे कुणी घर बघायलाही येत नाही. गिऱ्हाईक सुरू होतं ते घटस्थापनेपासून. तोवर सुनीताताईंचा भाग तयार हवा. वहिनी म्हणाल्या, "भिंत मी गावाला असताना घाला. डोळ्यांदेखत नको." आणि सगळ्यांनी मान हलवली. न्हाणी राहिली, भिंत आधी लागली. सण आणि पंचांग सांभाळून घर विकणारी आम्ही माणसं, आमच्याकडून असंच व्हायचं.

अलीम मिस्त्री माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्याने रिकाम्या घरात भिंत उभी केली. पलीकडे देवघराच्या जागी पांढरा ओटा, काचेची शेगडी, हळू मिटणारे ड्रॉवर. देव वहिनींच्या बाजूला फळीवर गेले; थोरल्या घरात देव, असं सुनीताताईंनीच ठरवलं होतं. वहिनींचं जुनं दार चपलांचं कपाट हलवून उघडलं, तर बिजागऱ्या गंजलेल्या. अलीमने तेल घातलं. "मॅडम, ये दरवाजा तो सो गया था," तो म्हणाला.

गावाहून परत आल्या त्या दिवशी मी मुद्दाम गेले. वहिनी सवयीने सुनीताताईंच्या दारातून आत शिरल्या, दिवाणखाना ओलांडून आपल्या बाजूला जायला निघाल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. हातात गावचं घट्ट बांधलेलं गाठोडं होतं. दुसरा हात त्यांनी गिलाव्यावर ठेवला.

"ओली हाय अजून."

"वाळेल आठवड्यात," मी म्हटलं.

"सरळ बांधलीय हो." आणि गाठोडं घेऊन त्या बाहेर गेल्या, आपल्या दाराने आत.

दुसऱ्या दिवसापासून त्या मजल्यावर जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. वहिनींची न्हाणी अजून कोठीच होती, म्हणून त्या सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी घेऊन शेजारच्या दाराची बेल वाजवायच्या. इकडे सुनीताताईंची नवी शेगडी गिऱ्हाइकाला दाखवायची, तिच्यावर डाग नको असं मीच बजावलेलं. म्हणून त्यांचं जेवण अजून वहिनींकडेच. सकाळी टॉवेल इकडून तिकडे जायचा आणि थोड्या वेळाने डबे तिकडून इकडे. भिंत बांधून आम्ही एवढंच केलं होतं की पूर्वी हे घरातल्या घरात व्हायचं, आता जिन्यातून जाणारा येणारा बघायचा.

प्रकाशभाऊ म्हणायचे, "मॅडम, दोन्ही घरं अजून अर्धीच आहेत. फक्त मधे पोस्टमन वाढला." पोस्टमन म्हणजे ते स्वतः, डबे आणणारे.

मी मात्र त्या दिवसांत तडफडत होते. दुसरीकडे दोन साइट चालू होत्या, तरी पाय इकडे वळायचे. दोशीभाईंच्या दारावरून जाताना थांबायचे, बेलकडे हात जायचा आणि परत यायचा. रात्री डोळे मिटले की तो फुटका पाइप दिसायचा.

नवरात्रात एजंटने पहिलं चांगलं गिऱ्हाईक आणलं. कांदिवलीचं जोडपं, हातात पैसे तयार. यायचं होतं दुपारी, आलं सकाळीच. मी धावत पोहोचले. घर झगझगीत दिसत होतं. बाईंनी ड्रॉवर उघडून हळू मिटू दिला आणि नवऱ्याकडे बघितलं. हे बघणं मी ओळखते. त्यात होकार असतो. मग त्यांनी बाथरूमच्या दाराला हात लावला आणि दार आतूनच उघडलं. वाफेतून मोठ्या वहिनी बाहेर आल्या. केस पंच्यात गुंडाळलेले, नऊवारी पातळ घोट्यापर्यंत भिजलेलं, तोंडात कुठलंसं स्तोत्र. स्तोत्र न तोडता त्यांनी सगळ्यांना मान लवून नमस्कार केला आणि ओली पावलं उमटवत दाराबाहेर निघून गेल्या.

"ये कौन हैं?" गृहस्थ म्हणाले.

"शेजारच्या आहेत," एजंट म्हणाला.

"शेजारच्या इथे का आंघोळ करतात?"

एजंटने माझ्याकडे बघितलं. मी पाइप, खालचं छत, सगळं खरं सांगितलं. खरं सांगितलं की ते जास्तच खोटं वाटतं. जिन्यात बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "बाद में ये बुढ़िया हटेगी नहीं तो? कब्जा ऐसे ही होता है." ते परत आले नाहीत.

संध्याकाळी सुनीताताई भडकल्या. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

"वहिनी, सांगून तरी यायचं ना! किती दिवस राहिलेत दिवाळीला? घर गेलं हातचं तर काय करायचं आम्ही?"

"आंघोळीशिवाय देवाला हात कसा लावू? आणि देव पूजल्याशिवाय चूल कशी पेटवू? तुमचे डबे असतात म्हणून तर लवकर येते."

"मग नका करू डबे! आम्ही बाहेर खाऊ. पण गिऱ्हाईक येऊन जाईपर्यंत त्या बाथरूममध्ये पाण्याचा थेंब नको."

वहिनींनी रिकामे डबे गोळा केले. "बरं," म्हणाल्या. बस, एवढंच. सुनीताताईंना ते 'बरं' लागलं असावं. त्या आत गेल्या आणि त्यांनी वायपरने आधीच कोरडी असलेली फरशी परत पुसली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बेल वाजवली नाही. पुढच्याही दिवशी नाही. पण डबे मात्र वेळेवर आले, उलट थोडे आधीच. सुनीताताईंनी मला फोन केला. "मॅडम, या आंघोळ कुठे करतायत? पूजा झालेली असते, गंध लावलेलं असतं. विचारलं तर म्हणतात, होते सोय."

मलाही कळेना. नळाखाली बसतात की काय, या काळजीने मी एका सकाळी उजाडता उजाडता इमारतीत गेले. दुसऱ्या मजल्यावर दोशीभाई पूजेचं पांढरं धोतर खांद्यावर टाकून आपल्याच दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते.

"काय झालं, दोशीभाई?"

"काय होणार? मला पूजेला देरासरला जायचंय. नहाके जाना पड़ता है. बाथरूम मोकळं नाही."

"भाभी आहेत का आत?"

"भाभी किचनमध्ये. बाथरूममध्ये तुमच्या माँजी आहेत! रोज येतात. मिसेसनी हो म्हटलं. मी कसं नाही म्हणू? बुजुर्ग बाई, हातात टॉवेल घेऊन दारात उभी. आणि बाहेर लवकर निघत नाहीत, आत पूरा पाठ म्हणतात!"

आतून खरोखरच स्तोत्र ऐकू येत होतं. पाण्याचा तांब्या पडायचा, मग एक ओळ, मग परत तांब्या. थोड्या वेळाने वहिनी आल्या. मला बघून दचकल्या नाहीत. दोशीभाभींच्या हातावर त्यांनी ओल्या नारळाच्या वड्यांची वाटी ठेवली. "साखर कमी घातलीय हो," म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

मी मागोमाग गेले. "काकू, तुम्ही मुद्दाम यांच्याकडे जाता ना?"

"मुद्दाम कशाला गो? पाइप त्यांच्याकडे, म्हटलं पाणीही तिथेच सांडावं." त्या हसल्या की नाही, जिन्यात अंधार होता, दिसलं नाही.

त्याच आठवड्यात दोशीभाईंचा फोन आला. "मॅडम, शिडी लावा. सीलिंग खोला, पाइप बदला, जे करायचं ते करा. फक्त माँजींचं बाथरूम लवकर चालू करा. मला देवाला वेळेवर जायचंय."

अलीमने त्यांचं सीलिंग असं उघडलं, जणू पेढ्याच्या बॉक्सची रिबिन सोडतोय. पाइप बदलला. वर कोठी रिकामी झाली, फरशीखाली वॉटरप्रूफिंग केलं, पाणी भरून ठेवलं. खाली दोशीभाई टॉर्च घेऊन छताकडे बघत बसले. एकही थेंब पडला नाही. त्यांनी वर येऊन अलीमला सुकामेवा दिला. वहिनींनी त्यांना वड्या दिल्या. त्या देवाणघेवाणीत मला फक्त चहा मिळाला, पण मी खूष होते. सीलिंग पूर्वीपेक्षा नीट बसवून दिलं.

दसऱ्यानंतर भाईंदरच्या चौक कोळीवाड्यातलं एक तरुण जोडपं घर बघायला आलं. बरोबर मुलाची आई होती, मासे विकून मुलाला शिकवलेली. दोघं मोबाइलवर कोपरे टिपत होते. आईने नळ सोडला, हात पाण्याखाली धरला. मग नव्या भिंतीवर मुठीने टकटक केलं.

"पलीकडं कोन हाय?"

"एक काकू राहतात," मी म्हटलं. "एकट्या."

"एकल्या? पोरां न्हाय?"

"पुतण्या आहे. लांब."

बाई "बरं" म्हणाल्या आणि बाल्कनीत गेल्या. त्यांनी काय मोजलं, मला माहीत नाही. सौदा ठरला. किंमतही चांगली आली. एजंट ती आजही इतरांना सांगत फिरतो आणि माझा नंबर देतो. दोन्ही घरं आता पूर्ण होती. इकडे चूल, इकडेच न्हाणी. तिकडे न्हाणी, तिकडेच चूल. कुणाला कुणाच्या दारात जायचं कारण उरलं नव्हतं. काम म्हणून बघितलं तर माझ्या हातून झालेलं हे सर्वांत नीटनेटकं काम. पण सामान हलवायचा दिवस जवळ आला तसं मला त्या मजल्यावर पाय ठेवावासा वाटेना.

जावं लागलं, कारण एक कडी राहिली होती. वहिनींच्या न्हाणीला आतून कडी लावू नये असं माझं मत. एकट्या बाई, पाय घसरला तर दार तोडावं लागेल. सुनीताताईंचंही तेच म्हणणं. वहिनी ऐकेनात. "इतकी वर्षं दुसऱ्याच्या न्हाणीत आंघोळ केली, दार वाजलं की घाई करायची. आता माझ्या न्हाणीला कडी हवी." शेवटी बाहेरूनही उघडता येईल अशी कडी मी शोधून आणली.

सुनीताताई निघायच्या त्या सकाळी मी ड्रिल घेऊन गेले. टेम्पो खाली लागला होता. शेजारचं घर पुसून, कोरडं करून, किल्ली द्यायला तयार. पांढऱ्या शेगडीवर अजून एकही भांडं चढलेलं नव्हतं. मी वहिनींच्या न्हाणीच्या दारावर पेन्सिलने खूण करत होते, तेवढ्यात त्यांची बेल वाजली. त्या घराला आता स्वतःची बेल होती.

दारात सुनीताताई. खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.

"वहिनी, तिकडचं बाथरूम पुसून झालंय. ओलं नको करायला." त्या माझ्याकडे बघून थोड्या ओशाळल्या. "मॅडमनीच सांगितलंय ना."

मी तसं सांगितलेलं नव्हतं. किल्ली देईपर्यंत वापरा, असंच म्हटलं होतं. मी पेन्सिलची खूण परत गिरवली.

वहिनींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "ये. पण कडी अजून बसली नाय. ही पोरगी आत्ता बसवतेय."

"राहू दे, मग नंतर..."

"नंतर कधी? जा तू. मी बसलेय दारात."

सुनीताताई आत गेल्या. वहिनींनी स्वयंपाकघरातून पाट आणला, न्हाणीच्या दाराला पाठ टेकून त्यावर बसल्या आणि हाताने दार ओढून धरलं. आत तांब्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसतं पाणी.

माझा फोन वाजायला लागला. दुसऱ्या साइटवर मुकादम वाट बघत होता, तिकडे टाइल उलट्या लावतील ही भीती. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी उठायला लागले तशी वहिनींनी माझ्या हातातल्या ड्रिलकडे बघितलं.

"घाई हाय का गो तुला?"

मी फोन बंद केला आणि त्यांच्याजवळ, जमिनीवर, मधल्या नव्या भिंतीला टेकून बसले. ड्रिल पिशवीत ठेवलं. त्या भिंतीचा गिलावा आता कोरडा होता. पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत होता.